एकच सायलेन्सर घ्यायचा तर...

मंडळी, आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. घरच्यांपैकी ज्यांना बंदूक हा शब्दही नको असतो त्यांनी इथेच थांबलात तरी राग नाही (मावशी, तुझ्याबद्दलच बोलतोय :-)). पण टेक्सासात राहणाऱ्या माझ्या भाच्याने एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर फोनवर काही मावेना, म्हणून इथे लिहायला घेतलंय. प्रश्न असा, "मामा, रायफली चार आहेत. सायलेन्सर एकच घ्यायचाय. कुठल्या मापाचा घेऊ?"

त्याच्या चार रायफली म्हणजे डब्यांवर नेम धरायची एक .२२, रानडुकरांसाठी .२२३, हरणासाठी ६.५ क्रीडमोर, आणि सासऱ्यांनी दिलेली जुनी .३०८. शिवाय डोक्यात दोन स्वप्नं आहेत. एकदा कोलोरॅडोत जाऊन .३०० विन मॅगने एल्क मारायचा, आणि "कधीतरी" एक .४५-७० घ्यायची. हे "कधीतरी" फार महाग पडतं, त्यावर पुढे येतोच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. .३० मापाचा घ्यावा, .३०० विन मॅगचा दाब सोसणारा घ्यावा, आणि खरोखरच एक घ्यावा. आता सवलत मिळाली म्हणून दोन-तीन घेऊ नयेत. असं का, ते सांगायला थोडा फेरा घ्यावा लागेल.

सायलेन्सर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिंदी पिक्चरमधला खलनायक येतो. पिस्तुलाला नळकांडं लावतो, 'फिस्स' आवाज होतो, शेजारच्या खोलीतल्याला पत्ता लागत नाही. रायफलच्या बाबतीत हे साफ खोटं. रायफल उडते तेव्हा नळीच्या तोंडाशी १६० ते १७० डेसिबलचा धमाका होतो. सायलेन्सर त्यातले वीस ते तीस, फार चांगला असेल तर थोडे आणखी, कमी करतो. उरतात साधारण १३५-१४०. शिवाय .३०८ ची गोळी सेकंदाला आठशे मीटरच्या आसपास धावते, म्हणजे आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने, आणि हवा फाडत जाताना ती स्वतःच चाबकासारखा कडकडाट करते. त्याला जगातला कुठलाही सायलेन्सर काही करू शकत नाही. तेव्हा "तुला गुपचूप काय मारायचंय?" असं विचारणाऱ्या माझ्या समस्त चुलत-मावस भावंडांनो, अर्ध्या मैलावरच्या माणसालाही ऐकू येतं, बरं का.

मग घ्यायचा कशाला? तर १४० डेसिबलसाठी. असा क्षणभराचा धमाका याच्यावर गेला की एका बारातही कानाला कायमची इजा होऊ शकते. सायलेन्सरने आवाज या रेषेच्या अलीकडे किंवा निदान आसपास येतो, एवढंच त्याचं काम. शांतता वगैरे काही नाही, कानाचा पडदा आणि त्यामागच्या केसांसारख्या बारीक पेशी वाचवायच्या. त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

आमच्या गल्लीत सत्तरी ओलांडलेले एक आजोबा आहेत. जन्म शिकारीत गेला. हॉटेलात गेलं की ते नेहमी अशी खुर्ची शोधतात की डाव्या हाताला भिंत येईल. पहिले काही महिने मला वाटायचं की काहीतरी श्रद्धा असेल. मग कळलं, डावा कान गेलाय. उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो, म्हणून जन्मभराचा मार डाव्याने खाल्ला. अशा मारात आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज, ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या मधले. बोलण्यातली व्यंजनं बरीचशी तिथेच असतात. स, श, फ, थ... माणूस ओरडतोय हे कळतं, पण 'सात' म्हणाला की 'हात' ते कळत नाही. आजोबांना मुलाचं बोलणं नीट कळतं. नातीचं, बारीक आवाजातलं, कळत नाही. ते हसून मान डोलावतात, आणि नातीला ते बरोबर समजतं.

माझ्या भाच्याची मुलगी सहा वर्षांची आहे आणि बाबाबरोबर मचाणावर बसायला लागली आहे. इकडचं मचाण म्हणजे चार खांबांवर उभी केलेली लाकडाची किंवा पत्र्याची बंद खोली. त्या खोलीत बार काढला की आवाज चारी भिंतींवर आपटतो. "कानाला मफ लावा की", असं कुणीही म्हणेल, आणि लावायलाच हवेत. हल्ली बारीक आवाज मोठा करणारे इलेक्ट्रॉनिक मफही मिळतात. पण शिकारीत दोन तास पानांची सळसळ ऐकत बसायचं असतं, पोरांचे मफ घसरतात, आणि हरीण आलं की एवढी घाई होते की मोठी माणसंही विसरतात. सायलेन्सर नळीवर बसलेला असतो, त्याला आठवण करून द्यावी लागत नाही. बसलेला असतो, हे महत्त्वाचं. माझा सगळा मुद्दा यावरच उभा आहे.

(इतिहासाची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपोआप चालणारी मशीनगन शोधून काढणारे हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम म्हातारपणी जवळजवळ ठार बहिरे झाले होते, स्वतःच्याच तोफांच्या आवाजाने. त्यांचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम. त्याने रायफलचा सायलेन्सर केला आणि १९०९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. बापाने गोंगाट केला, लेकाने तो निस्तरला. पुढे याच मुलाने १९१४ मध्ये अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांची संघटना काढली, म्हणजे कानाशी नातं सुटलं नाही.)

आपल्याकडे सायलेन्सर म्हणजे बुलेटचा. तो काढून फटफट करत फिरणाऱ्यांचे सायलेन्सर पोलीस जप्त करतात आणि त्यावर रोडरोलर फिरवून फोटो काढतात. अमेरिकेत बरोबर उलटं होतं. इथे सायलेन्सर लावायचा तर सरकारला २०० डॉलर भरायचे. हा कर १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टमधला. तेव्हा २०० डॉलर म्हणजे सामान्य माणसाने नादच सोडावा एवढी रक्कम होती, हेतूही तोच होता. पण रक्कम नव्वद वर्षं तीच राहिली, महागाईने तिचा दम काढला. तरी कर, बोटांचे ठसे, फोटो, अर्ज, आणि मग आठ-दहा महिन्यांची, कधी वर्षाचीही प्रतीक्षा. त्यामुळे "एकच घ्या, पण सगळीकडे चालेल असा घ्या" हा सल्ला जुन्या लोकांच्या तोंडी पक्का बसला. २०२४ मध्ये ऑनलाइन अर्ज काही दिवसांत मंजूर व्हायला लागले, आणि जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून हा कर शून्यावर आणला. नोंदणी, ठसे, फोटो सगळं आहे तसंच आहे. आठ राज्यांत अजूनही सामान्य माणसाला ठेवताच येत नाही, त्यात कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि न्यूजर्सी आली, म्हणजे निम्मी मराठी मंडळं आलीच.

आता कर गेला, वाट पाहणं गेलं, मग दुकानदार म्हणणारच की प्रत्येक रायफलला वेगळा घ्या. भाच्यालाही कुणीतरी तेच सांगितलं होतं. तीन वेगळे डबे, प्रत्येक आपापल्या मापाचा. (इथे लोक सायलेन्सरला लाडाने 'कॅन' म्हणतात, म्हणजे डबाच. मीही पुढे डबाच म्हणतो. लिहायला सोपं.)

मापाचं गणित आधी बघू. डबा म्हणजे आत एकामागोमाग एक भोकं पाडलेले पडदे असलेली नळी. गोळी भोकांतून सरळ निघून जाते, मागून येणारा तापलेला वायू पडद्यांत अडकतो, पसरतो, थंड होतो आणि सावकाश बाहेर पडतो. भोक गोळीपेक्षा जरासं मोठं हवं. .२२३ ची गोळी ५.७ मिलिमीटर, ६.५ क्रीडमोरची ६.७ (नावावर जाऊ नका, बंदुकीच्या जगात नावं आणि मापं यांचं कधीच जमलेलं नाही), .३०८ ची ७.८. विन मॅगची गोळीही तेवढ्याच व्यासाची, फक्त मागची दारू जास्त. तेव्हा .३० च्या डब्यातून यातल्या सगळ्या जातात. उलटं मात्र होत नाही. .२२३ च्या डब्यातून .३० ची गोळी जाऊ शकत नाही. ती पडद्यांवर आदळते, डबा फुटतो, आणि पुढे नशीब.

लहान गोळी मोठ्या भोकातून गेली की तिच्याभोवतीच्या फटीतून थोडा जास्त वायू निसटतो, म्हणून आवाज थोडा जास्त येतो. .२२३ वर खास त्याच मापाचा डबा आणि .३० चा डबा यांत दोन-चार डेसिबलचा फरक पडतो, डब्याडब्यागणिक कमी-जास्त. कानाचे डॉक्टर म्हणतील की तीन डेसिबल म्हणजे ऊर्जा दुप्पट, हलकं घेऊ नका. बरोबर आहे. पण बिनडब्याच्या रायफलशी तुलना केली तर पंचवीस कमी झाले की अठ्ठावीस, एवढाच प्रश्न उरतो. त्यात .३० चा डबा जरा लांब-रुंद असल्याने आत जागा जास्त असते, ती थोडी भरपाई करते. आणि भाच्याची .२२३ ही स्वतःच काडतूस भरणारी, अर्धस्वयंचलित. तिच्यावर घट्ट भोकाचा डबा लावला की वायू उलटा फिरून मागे येतो, डोळे चुरचुरतात, यंत्र घाण होतं. सैल भोकाने तो त्रास जरा कमीच होतो.

मग याच न्यायाने आणखी मोठं भोक का नको? .३३८, किंवा थेट .४५-७० ची गोळी जाईल असं? "मग तर पुढे काहीही घेतलं तरी चालेल ना?" इति भाचा.

इथे मला आमच्या शाळेचे युनिफॉर्म आठवले. जूनमध्ये वाढत्या अंगाचे म्हणून शिवायचे. पहिलं वर्ष त्यात पोहायचं, दुसऱ्या वर्षी बरे बसायचे, तिसऱ्या वर्षी मांडीवर विरायचे. .४५ च्या मापाचा डबा म्हणजे असा वाढत्या अंगाचा युनिफॉर्म आहे. ११.६ मिलिमीटरच्या गोळीसाठी केलेल्या भोकातून ५.७ ची गोळी गेली तर चहूबाजूंनी वायूला मोकळं रान मिळतं. इथे मात्र फरक दोन-चारावर थांबत नाही. म्हणजे जी .४५-७० अजून घेतलेली नाही, कदाचित कधीच घेणार नाही, तिच्यासाठी आज रोज वापरातल्या तीन रायफलींचा आवाज वाढवून घ्यायचा? .३३८ चे डबे तर बहुतेक लांब आणि जड असतात, कारण त्यांना फार मोठा दाब सोसायचा असतो. हलक्या ६.५ च्या नळीवर तो लावला की नाकापेक्षा मोती जड. रायफल पुढे झुकते, झुडपात अडकते, जीपमधून काढताना दाराला लागते. मग दोन फेऱ्यांनंतर माणूस म्हणतो, "आज राहू दे." राहू दे म्हटलेला डबा तिजोरीत बसतो आणि कान मचाणावर.

एल्कचं स्वप्न वेगळं. ते नक्की होणार आहे, तारीख तेवढी ठरायची. म्हणून विन मॅगचा दाब सोसणारा .३० घ्यायचा. आहे त्यातल्या सगळ्यात मोठ्या मापाचा घ्या आणि ठरलेल्या पुढच्या एका बंदुकीपर्यंत जा. त्यापलीकडे नको.

आता तो मुद्दा, जो मला कुठल्याच विक्रेत्याच्या तोंडून ऐकायला मिळाला नाही. तीन डबे घेतले की घरात एकसारखी दिसणारी तीन काळी नळकांडी येतात. पूर्वी एक अडसर होता. अमेरिकेत .२२३ च्या नळीच्या तोंडाला सहसा अर्ध्या इंचाचे, इंचाला २८ आटे असतात आणि .३० च्या नळीला ५/८ इंचाचे, इंचाला २४. चुकीचा डबा चुकीच्या नळीवर चढायचाच नाही. पण हल्ली सगळ्यांना झटपट लागणारे-निघणारे माउंट हवे असतात, आणि सोय म्हणून सगळ्या रायफलींवर एकाच जातीचे माउंट बसवतात. सोय झाली खरी, पण आट्यांचा अडसर गेला. आता पहाटे साडेचारला, अंधारात, हात गारठलेले असताना .२२३ चा डबा .३०८ वर 'खट्' करून बसतो. त्यातून उद्या भाच्याने त्याच .२२३ च्या सांगाड्यावर .३०० ब्लॅकआउटची नळी चढवली तर? तिला मॅगझिन तेच, सांगाडा तोच, रंग तोच, आणि गोळी ७.८ मिलिमीटरची.

घरात डबा एकच असेल, आणि तो सगळ्यात मोठ्या मापाचा असेल, तर ही चूक करायची सोयच राहत नाही. त्याला लेबलं नकोत, रंगाच्या पट्ट्या नकोत, शिस्तही नको. मला तरी 'एकच घ्या' या सल्ल्याचं आजचं खरं कारण हे वाटतं. दोनशे डॉलर वाचवणं हे जुनं कारण होतं, ते संपलं.

तरीही ".३० चा घेतला म्हणजे लहान सगळ्यांना आपोआप चालेल" असं समजू नये. भोकातून गोळी जाणं ही एक गोष्ट आणि दाब सोसणं ही दुसरी. दहा इंची नळीच्या .२२३ मधून वायू बाहेर पडतो तेव्हा तो वीस इंची .३०८ च्या तोंडाशी असतो त्याहून जास्त तापलेला आणि दाबाखाली असतो, कारण त्याला पसरायला नळीच मिळालेली नसते. डब्यातल्या पहिल्या पडद्याला तो तोफेसारखा लागतो. म्हणून कंपन्या प्रत्येक काडतुसासाठी नळीची कमीत कमी लांबी छापतात. तो तक्ता वाचावा. दुकानात उभं राहून, पैसे देण्याआधी वाचावा. भाच्याची .२२३ सोळा इंची आहे, त्यामुळे त्याला फारसा प्रश्न नाही.

धातूचं म्हणाल तर टायटॅनियम घ्यावं, निदान शिकाऱ्याने. .३० चे टायटॅनियमचे डबे तीन-चारशे ग्रॅमच्या आसपास मिळतात, पोलादी पाचशे-सहाशेच्या पुढे जातात. पोलाद किंवा इन्कोनेल दणकट असतं, पण ते पटापट दोनशे गोळ्या झाडणाऱ्यांसाठी. टायटॅनियम फार तापलं की त्याची ताकद उतरते आणि ठिणग्याही उडतात. शिकारीत दिवसाला किती गोळ्या लागतात? एक. फार तर दोन. रानडुकरांचा कळप आला तर दहा. आणि दहानंतर डब्याला उघड्या हाताने हात लावू नये, जेवणाच्या डब्यासारखा तो फडक्यात गुंडाळून मिळत नाही.

लांबीचंही तसंच. चोवीस इंची नळी आणि वर सात इंचांचा डबा म्हणजे लग्नात पालखीची दांडी घेऊन फिरल्यासारखं होतं. सासऱ्यांच्या .३०८ ची नळी चोवीसची आहे आणि तिच्या तोंडाला आटेच नाहीत, त्या काळी कुणी पाडत नसे. म्हणजे बंदूक-कारागिराकडे ती जाणारच आहे. जाते आहे तर वीसवर कापून घ्यावी. गोळीचा वेग थोडा कमी होईल, टेक्सासच्या दीडशे यार्डांवर हरणाला ते कळणार नाही. सासऱ्यांना कळेल, आणि ते कापायला नाही म्हणाले तर त्यांचंच खरं करावं. डब्याच्या लांबीपेक्षा सासरे महत्त्वाचे. पण आटे मात्र नीट लेथवर पाडून घ्यावेत, नळीच्या छिद्राशी अगदी समकेंद्री, आणि मागे चौकोनी खांदा ठेवून. घरच्या घरी डायने पाडलेले आटे केसभर तिरके असले तरी सात इंच पुढे जाईपर्यंत गोळी पडद्याला चाटते. याच कारणासाठी अर्ध्या इंचावरून ५/८ वर नेणारी जोड-रिंग मला आवडत नाही. एकावर एक दोन जोड आले की तिरकेपणा दोनदा येतो. प्रत्येक रायफलवर तिच्याच आट्यांचं माउंट कायमचं बसवावं. डबा एक, माउंट तीन.

तीनच, कारण .२२ ला यातून वगळायची. .२२ ची गोळी बहुतेक उघड्या शिशाची असते. दर बाराला शिसं आणि काजळी डब्यात साठत जाते. मोठ्या रायफलींचे डबे बरेचदा सील केलेले असतात, उघडून साफ करता येत नाहीत. मोठ्या काडतुसाचा जोर आतली घाण बरीचशी उडवून लावतो, .२२ ला तेवढा दम नाही. काही महिन्यांत डबा शिशाने जड होईल, आणि ते शिसं विषारी. तिला खोलून धुता येणारा छोटा वेगळा डबा लागतो. म्हणजे माझा 'एकच' इथे मोडतो, मान्य. शिवाय .२२ चे आटे बहुधा .२२३ सारखेच, त्यामुळे मघाचा धोका मागच्या दाराने परत येतो. .२२ चा नाजूक डबा .२२३ च्या दाबाने फाटू शकतो. यावर मला सुचलेला उपाय एकच. .२२ चा डबा .२२ वरून फक्त धुण्यापुरता उतरवायचा, नाहीतर ती दोघं नवरा-बायकोसारखी एकाच कप्प्यात राहतील. माउंट तिला द्यायचं नाही. डबा सरळ आट्यांवरच.

आणखी एक, कागदपत्रांचं. डबा सरकारदरबारी ज्याच्या नावावर, त्याच्याच ताब्यात असावा लागतो. मामाचा चार दिवसांसाठी उसना नेता येत नाही. भाचा एकट्याच्या नावावर घेईल तर तो गावाला गेलेला असताना बायकोने तो वापरणंही बेकायदा. म्हणून दोघांचा ट्रस्ट करून त्याच्या नावावर घ्यावा. ठसे दोघांनाही द्यावे लागतील. त्याची बायको त्याच्यापेक्षा चांगला नेम धरते, हे मी इथे लिहिलं तर चालेल असं तिनेच सांगितलंय.

असो. डबा हातात आला की पहिला दिवस शिकारीचा नव्हे. प्रत्येक रायफलवर तो चढवून, रायफल रिकामी आहे ना हे दोनदा बघून, नळीतून मापाची सरळ सळई सरकवायची आणि समोरून पाहायचं, की ती भोकाच्या मधोमध येते आहे की एका बाजूला टेकते आहे. टेकत असेल तर तिथेच थांबायचं. मग निशाणावर. डबा लावला की नळीच्या टोकाला वजन येतं आणि गोळी बिनडब्याच्या जागी पडत नाही, कधी दोन इंच खाली, कधी तिरकी. हा फरक प्रत्येक रायफलचा वेगळा असतो. म्हणून तिन्हींची दुर्बीण डबा लावूनच जुळवायची आणि तो लावूनच शिकारीला जायचं. आणि निशाणावर चाळीस-पन्नास गोळ्या झाडायच्या असतात तेव्हा डबा असला तरी कानात बोळे घालायचेच, पोरीच्या कानावर मफ घट्ट बसलेत का ते आपल्या हाताने बघून मगच चापाला बोट लावायचं.